आजारी मुलाची चाल : मापन आणि निरीक्षण

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेचा दिवस उठण्याबसण्याने भरलेला असतो. परिपाठासाठी मुले उठतात, शिक्षक वर्गात येताच उठतात, उत्तर देण्यासाठी उठतात, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की एकदम उठून धावतात. ग्रामीण भागातील पुष्कळ शाळांतून ही मुले जमिनीवर, बसकरांवर बसलेली असतात. त्यामुळे प्रत्येक मूल दिवसातून दहा वेळा तरी जमिनीवरून उभे राहत असेल असे म्हणावयास हरकत नाही. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाश्चात्त्य देशांतील डॉक्टरास मात्र हीच क्रिया पाहावयाची असेल, तर मुलास मुद्दाम जमिनीवर निजवून ‘आता ऊठ’ असे सांगावे लागते आणि हातात घड्याळ धरून त्यास किती सेकंद लागले हे टिपून ठेवावे लागते. काही गंभीर आजारांच्या परीक्षेत या एका आकड्यास फार मोल आहे. जे मापन रुग्णालयात प्रयत्नपूर्वक करावे लागते, त्याची सामग्री शिक्षकापुढे रोज आपोआप मांडलेली असते. प्रस्तुत विवेचनाचा रोख याच गोष्टीकडे आहे.

विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने १८७९ साली एका स्नायुरोगाचे वर्णन करताना त्या रोगाने ग्रस्त झालेली मुले जमिनीवरून कशी उठतात हे बारकाईने सांगितले. निरोगी मूल एका झटक्यात उठते. कसे उठले हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. रोगी मूल प्रथम पालथे होते, दोन्ही हात जमिनीवर टेकते, पाय फाकवून ढुंगण वर उचलते, नंतर एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असे हात क्रमाक्रमाने वर सरकवीत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभे राहते. मांड्यांच्या आणि कमरेच्या स्नायूंत शरीर उचलण्याइतके बळ उरलेले नसते, म्हणून हातांचे बळ उसने घ्यावे लागते. वैद्यकात या लक्षणाला आजही गॉवर्सचेच नाव आहे. रोगाला मात्र ड्यूशेन या फ्रेंच वैद्याचे नाव मिळाले; त्याने १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले होते.

हा ड्यूशेनचा स्नायुक्षय, म्हणजेच एक प्रकारची मस्क्युलर डिस्ट्रॉफी, जवळजवळ केवळ मुलग्यांनाच होतो. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकास तो जडतो. स्नायूंच्या तंतूंना आधार देणारे ‘डिस्ट्रॉफिन’ नावाचे एक प्रथिन असते. ते तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते त्यातच दोष असल्यामुळे प्रत्येक हालचालीबरोबर स्नायू थोडेथोडे झिजत जातात. हा जनुक आणि हे प्रथिन १९८६-८७ च्या सुमारास उजेडात आले. मूल जन्मतः धडधाकट दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते वारंवार पडू लागते, जिना चढताना कठडा किंवा भिंत धरते, चवड्यांवर चालते, पोट पुढे काढून डुलत चालते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, आणि घरची माणसे त्या कौतुकाने दाखवितात. या पोटऱ्यांत बळ नसून चरबी व तंतुमय पेशी साठलेल्या असतात. उपचार न झाल्यास दहा-बारा वर्षांच्या वयात चालणे थांबते.

येथे शाळेचा संबंध येतो. पहिली लक्षणे दिसणे आणि रोगाचे निदान होणे यांत बहुधा काही वर्षे लोटतात, आणि ही वर्षे अंगणवाडीत व पहिली-दुसरीत जातात. या काळात मुलास ‘आळशी’, ‘सुस्त’, ‘बावळट’ अशी विशेषणे चिकटतात. कवायतीत ते मागे राहते म्हणून त्यास मैदानाची एक फेरी जास्त मारावयास लावणारेही काही कमी नाहीत. वस्तुतः या मुलास उड्या मारावयास लावणे, जिन्यावरून पुनःपुन्हा उतरविणे किंवा दमेपर्यंत पळविणे हे झिजणाऱ्या स्नायूंना अपायकारक असते. निदान करणे तसे अवघड नाही. रक्तातील ‘क्रिएटिन कायनेज’ या द्रव्याची साधी तपासणी केली, तर जो आकडा एरवी शेकड्यांत असावयाचा तो हजारोंच्या घरात आढळतो; त्यानंतर जनुकाची तपासणी करतात. कधी कधी असेही घडते की रक्तातील काही घटक वाढलेले पाहून यकृताचा विकार समजला जातो आणि महिनेच्या महिने यकृतावर औषध चालू राहते. ते घटक यकृताप्रमाणे स्नायूंतूनही रक्तात उतरतात याचा विसर पडलेला असतो. अशा वेळी ‘हे मूल जमिनीवरून उठताना हात मांडीवर टेकते’ एवढे एक वाक्य जरी डॉक्टरांच्या हाती पडले, तरी तपासाची दिशा बदलू शकते.

लवकर निदान होऊन उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. हा रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि प्रेडनिसोन या स्टेरॉइडाने स्नायूंचे बळ काही काळ वाढते हे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर चाचणीत दिसून आले, आणि अशा औषधांनी मुलाचे चालणे सरासरी दोन-तीन वर्षे अधिक टिकते असा पुढे अनुभव आला. आठव्या-नवव्या वर्षीच्या मुलाच्या दृष्टीने दोन-तीन वर्षे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय आईच्या ठिकाणी हा दोष सुप्त रूपाने असू शकतो. थोरल्याचे निदान वेळेवर झाले तर पुढच्या बाळंतपणापूर्वी आईवडिलांना योग्य तो सल्ला मिळतो. निदानास उशीर झाल्यामुळे एकाच घरातील दोन मुले या रोगाने ग्रस्त झाल्याची उदाहरणे वैद्यकात विरळ नाहीत.

हे उठण्यासंबंधी झाले. चालण्याचे मापन हा त्याहून जुना आणि विस्तृत विषय आहे. जर्मनीतील विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या बंधूंनी १८३६ साली मानवी चालीच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे याने १८७० नंतरच्या दशकात बुटाच्या तळाशी हवेची पोकळी ठेवून तिला रबरी नळी जोडली. पाऊल टेकले की हवा दाबली जाई आणि नळीच्या दुसऱ्या टोकाची लेखणी फिरत्या कागदावर रेघ उमटवी. १८८६ साली जिल द ला तूरेत याने त्याहूनही साधी युक्ती योजली. रुग्णाच्या तळपायांना लोहाची तांबडी भुकटी फासून त्यास लांबच लांब पांढऱ्या कागदावरून चालविले. उमटलेल्या पावलांवरून ढांगेची लांबी, दोन पावलांमधील आडवे अंतर आणि पाऊल किती बाहेर वळते हे सर्व पट्टीने मोजता आले. दाराशी कुंकवाची पावले उमटविण्याची चाल ज्या समाजात आहे, त्यास ही युक्ती चटकन समजावी. हात-पाय धुऊन आलेली मुले कोरड्या फरशीवरून वर्गात शिरतात तेव्हा असाच कागद शिक्षकापुढे पसरलेला असतो. ज्या मुलाच्या ओल्या ठशांत टाच कधी उमटतच नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे.

मुलांच्या बाबतीत एक विशेष अडचण असते. मूल वाढत असते, आणि वाढीबरोबर त्याची चालही बदलते. डेव्हिड सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एक ते सात वर्षे वयाच्या १८६ निरोगी मुलांच्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाचे मूल मिनिटास सुमारे १७५ पावले टाकते, परंतु पाऊल लहान असल्यामुळे फार पुढे जात नाही. सात वर्षांचे मूल सुमारे १४५ पावलांत त्याहून कितीतरी अधिक अंतर तोडते. अर्थात आजारी मुलाचे अंतर गेल्या वर्षाइतकेच राहिले, तर ‘स्थिती तशीच आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरू शकते. उंची वाढूनही अंतर वाढले नाही याचा अर्थ बळ घटले असाही होतो. म्हणून चालीच्या नोंदीशेजारी उंचीची नोंद नसेल तर ती नोंद अर्धीच होय.

रुग्णालयांत सर्वांत रूढ असलेली परीक्षा म्हणजे सहा मिनिटांच्या चालीची. मूळ परीक्षा बारा मिनिटांची होती. १९८२ साली ब्रिटिश वैद्यांनी दाखविले की फुप्फुसांच्या रुग्णांस इतके दमविण्याची गरज नाही, सहा मिनिटे पुरेत. सपाट, सरळ ओसरीवर दोन खुणा करतात आणि रुग्णाने सहा मिनिटांत त्यांच्यामध्ये फेऱ्या घालून किती मीटर अंतर काटले ते मोजतात. या परीक्षेचे नियम २००२ साली अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने घालून दिले. त्यांत ओसरीची लांबी ३० मीटर ठरविली असून दर मिनिटास रुग्णाशी कोणते शब्द बोलावयाचे हेदेखील ठरवून दिले आहे. शब्दांचा असा काटेकोरपणा प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु ज्यांनी शर्यतीच्या कडेला उभे राहून मुलांना हाका मारल्या आहेत, त्यांना शाबासकीने पाय किती वेगाने चालतात हे ठाऊक आहे. एका दवाखान्यात उत्साही परिचारिका आणि दुसऱ्यात अबोल परिचारक असेल, तर मापन मुलाचे न होता त्यांचेच व्हावयाचे. पुढे स्नायुक्षयाच्या मुलांसाठी या परीक्षेत फेरफार करण्यात आले. सात वर्षांचे मूल सहा मिनिटे एकाच कामात मन ठेवील हे शिक्षकांइतके कोण जाणते? म्हणून त्याच्यासोबत एक माणूस चालतो, सतत उत्तेजन देतो आणि मूल पडल्यास सावरतो.

या परीक्षेवर औषधांचे भवितव्य अवलंबून राहू लागले तेव्हा तिच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. ‘अटाल्युरेन’ नावाच्या औषधाची चाचणी ड्यूशेनच्या स्नायुक्षयाच्या २३० मुलांवर ४८ आठवडे झाली. तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांच्या सहा मिनिटांच्या अंतरांत सरासरी सुमारे १३ मीटरचा फरक पडला, आणि तो योगायोगानेही पडू शकेल इतका लहान ठरला. मात्र प्रारंभी ज्यांची चाल ३०० ते ४०० मीटरांच्या दरम्यान होती, त्या मुलांपुरते पाहता फरक ४० मीटरांहून अधिक होता. जी मुले अजून चांगली चालत होती त्यांत वर्षभरात विशेष घट झालीच नाही. जी फार अशक्त झाली होती त्यांना औषधाने सावरण्यासारखे फारसे उरले नव्हते. अशा मधल्या गटाच्या आकड्यावरून औषध गुणकारी ठरविता येत नाही हे खरे. पण औषध निरुपयोगी की मोजपट्टी अपुरी, हा वाद अशा प्रसंगी सहजासहजी मिटत नाही, आणि तो मिटेपर्यंत मुले मोठी होत असतात.

यातून मापन रुग्णालयाच्या ओसरीवरून घरी नेण्याचा विचार बळावला. परीक्षेच्या दिवशी मुलास ताप असेल, रात्रीच्या प्रवासाने ते शिणले असेल किंवा नुसते रुसले असेल. त्या सहा मिनिटांवरून सहा महिन्यांचा हिशेब कसा मांडावा? म्हणून घोट्यास बांधावयाचे लहानसे यंत्र तयार झाले. मूल अनेक दिवस आपल्या नेहमीच्या व्यवहारात असताना हे यंत्र त्याची प्रत्येक ढांग आणि तिचा वेग टिपते. नंतर सर्व ढांगांतून सर्वांत वेगवान अशा शेकडा पाच ढांगा कोणत्या वेगापलीकडे आहेत एवढेच पाहतात. सरासरी वेग मुलाच्या लहरीवर अवलंबून असतो. परंतु मांजरामागे धावताना किंवा खेळात पकडले जाऊ नये म्हणून पळताना मूल जो वेग गाठते, त्यात त्याची खरी शक्ती प्रकट होते, आणि तो कोणाच्या आज्ञेवरून गाठलेला नसतो. युरोपीय औषध संस्थेने हे माप २०१९ साली औषधांच्या चाचण्यांत दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ साली मुख्य निकष म्हणूनही ग्राह्य धरले. मोबाइल फोनमधील पावले मोजण्याची सोय म्हणजे हे यंत्र नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. सावकाश आणि पाय ओढत चालणाऱ्या मुलाची कितीतरी पावले अशी साधने गाळून टाकतात.

स्नायुक्षय विरळ आहे. म्हणून इतर आजारांचाही उल्लेख करणे अवश्य आहे. बालवयातील कर्करोगांत रक्ताचा एक कर्करोग, लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया, सर्वांत अधिक आढळतो. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतील बराच काळ मूल शाळेत येऊ शकते. या उपचारांतील ‘व्हिन्क्रिस्टिन’ हे औषध सदाफुलीच्या झाडापासून मिळते. तेच झाड पुष्कळ शाळांच्या आवारात फुललेले असते. अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळालेल्या या औषधाने असंख्य मुलांचे प्राण वाचविले आहेत. परंतु ते मज्जातंतूंना इजा करते. पायाचा पुढचा भाग उचलत नाही, पाऊल लोंबते, मूल गुडघा उंच उचलून फटफट आवाज करीत चालते आणि उंबऱ्याला अडखळते. अशा मुलास टाचांवर चार पावले चालता येतात की नाही हे पाहणे ही त्याची सोपी परीक्षा. हा विकार औषध थांबल्यावर बहुधा हळूहळू कमी होतो. मात्र त्याची वर्दी डॉक्टरांना वेळेवर मिळाली तर औषधाची मात्रा आणि व्यायाम यांचा विचार करता येतो. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील शिक्षकांस सिकलसेलचे मूल अपरिचित नाही. अशा मुलाच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी पडून ते खचू शकते; मूल एकाच पायाने लंगडू लागते आणि पुष्कळदा दुखणे मात्र गुडघ्यात सांगते. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी वेगळी आणि अधिक विस्तृत मापने आहेत. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होय.

आता शिक्षकाने काय करावे? निदान करणे हे त्याचे काम नव्हे, आणि सर्व वर्गाची परीक्षा घेणे हेही नव्हे. ज्या मुलाविषयी शंका आली किंवा ज्याचा आजार ठाऊक आहे, त्याच्यापुरतीच नोंद पालकांच्या संमतीने ठेवावी. ओसरीवर चुन्याच्या फक्कीने दहा मीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात. मुलास पहिल्या रेघेच्या दोन पावले मागून चालू द्यावे आणि दुसरी रेघ ओलांडून पुढे जाऊ द्यावे, म्हणजे सुरुवातीचा व थांबण्याचा संथपणा हिशेबात येत नाही. ‘पळ’ म्हणू नये. रोजच्यासारखे चालावयास सांगावे. सात वर्षांच्या निरोगी मुलास या अंतरास सुमारे नऊ सेकंद लागतात. तथापि इतर मुलांशी तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. पादत्राणे तीच असावीत, वेळ तीच असावी. त्या दिवशी ताप, जखम किंवा उपवास असल्यास तसे लिहावे. जमिनीवरून उठण्यास लागलेले सेकंद आणि हात मांडीवर टेकले की नाही हे शेजारी लिहावे. एवढी नोंद तीन महिन्यांतून एकदा पुरे. रोज मोजण्याने मूल थकते आणि आपल्यात काहीतरी उणे आहे हे त्यास रोज कळते.

हे मापन इतर मुलांसमक्ष मुळीच करू नये. आकडा फळ्यावर लिहिणे, ‘अमक्याला बारा सेकंद लागले’ असे बोलून दाखविणे ही मुलास शिक्षाच होय. उलट आकड्यांत न मावणाऱ्या काही गोष्टी अवश्य टिपाव्यात. मूल मधल्या सुट्टीत मुतारीपर्यंत जाऊन घंटेपूर्वी परत येते काय? की तेथवर जाणे नको म्हणून सकाळपासून पाणी पिणेच टाळते? घरापासून शाळेपर्यंत पूर्वी चालत येई, आता वाटेत कितीदा बसते? मुलाच्या आयुष्याची मोजपट्टी हीच आहे. रुग्णालयातील चारशे मीटरांचे त्याला सोयरसुतक नसते. मुतारीपर्यंतच्या चाळीस पावलांचे असते.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने शाळेस वर्षातून एकदा भेट द्यावयाची असते. पथकापुढे शेकडो मुले असतात आणि वेळ थोडा असतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलाची चाल दिसत नाही. त्या दिवशी तारीखवार लिहिलेला कागद पथकाच्या हाती द्यावा आणि त्याची प्रत पालकांजवळ ठेवावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सिकलसेल, थॅलेसिमिया व हिमोफिलिया यांचाही समावेश झालेला आहे. प्रमाणपत्रासाठी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्या घालणाऱ्या पालकांना तो कागद दर खेपेस उपयोगी पडतो. मूल चौथी उत्तीर्ण होऊन दुसऱ्या शाळेत गेले, तर दाखल्याबरोबर ही वहीही जावी. नाहीतर नव्या शाळेत सर्व प्रकरण ‘आळशी’ या शब्दापासून पुन्हा सुरू व्हावयाचे.

चालणे थांबले म्हणजे मापन थांबले असे मात्र समजू नये. स्नायुक्षयाचे मूल चाकांच्या खुर्चीत बसू लागल्यावर वैद्य त्याच्या हातांकडे वळतात: भरलेला पेला ओठांपर्यंत नेता येतो काय, मेजावरची नाणी उचलता येतात काय, हात खांद्याच्या वर जातो काय, यांस गुण देण्याची ठरलेली पद्धत आहे. वर्गातही हे सर्व दिसते. पुस्तकाचे पान उलटताना मूल दुसऱ्या हाताची मदत घेते, डबा उघडून मागते, उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. त्याच वहीत, त्याच तारखेखाली, आता हे लिहावयाचे असते.